नसीमकडची ईद

दहिवली

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवली, गाठीची माळ आणि चार पुरणपोळ्या डब्यात घातल्या आणि मी बॅग उचलली. सून म्हणाली, "आई, आता कुठे?"

"माहेरी. ईदला."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. लातुरात आमच्या गल्लीतही ईद होते, शेजारून शीरखुर्म्याची वाटी येते, आम्ही ती आवडीने खातो. पण त्यासाठी कुणी रातोरात प्रवास करत नाही. शिवाय कर्जतला माझं रक्ताचं असं कुणीच राहिलेलं नाही. वडील तिथे शाळेत शिकवायचे. ते निवृत्त झाले आणि आम्ही दहिवलीतलं भाड्याचं बिऱ्हाड मोडलं, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. तरी माहेर म्हटलं की मला दहिवलीतली चार खोल्यांची कौलारू चाळच आठवते. एका टोकाला आम्ही आणि भिंतीपलीकडे नसीमचं घर.

नसीमचा नवरा बशीरभाई दिवाळीनंतर गेला. तेव्हा माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, येता आलं नाही. फोनवर ती फारसं बोलायची नाही. पाडव्याआधी तिचा फोन आला. "ये जमलं तर. पन सुमे, ईद-बिद काय नाय हां औंदा. खायची आस ठिवून येऊ नको."

नसीमच्या तोंडून असं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

सकाळी कर्जतला उतरले आणि आधी दहिवलीला गेले. चाळीच्या जागी सहा मजली इमारत उभी आहे आणि खाली व्यायामशाळा. आमच्या मोरीच्या जागेवर एक मुलगी यंत्रावर धावत होती. मी बराच वेळ फाटकापाशी उभी राहिले. वॉचमनने "कोण पाहिजे?" असं विचारलं, तेव्हा मी बॅग उचलली आणि बाजाराकडे निघाले.

बाजारात मात्र जीव रमला. शेवयांचे ढीग, खजुराच्या पेट्या, अत्तराच्या बाटल्या, मुलांच्या जाळीदार टोप्या. ऊन असं चढलेलं की डोक्यावरचा पदर तापला. माझ्याकडचं पाणी संपलेलं. कलिंगडं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, "इथे पाणी कुठे मिळेल?" त्यांनी गाडीखालून बाटली काढून पुढे केली. त्यांचे ओठ सुकलेले होते. मी संकोचले.

"घ्या ना बाई. रोजा माजा हाय, तुमचा थोडाच हाय?"

पाणी पिता पिता मला नसीमची आई आठवली. सगळी चाळ तिला खाला म्हणायची. मी आणि नसीम सात-आठ वर्षांच्या असताना नसीमने रोजा धरायचा हट्ट केला आणि तिच्या मागून मीही. खालाने दोघींना पहाटे दूधपोहे दिले आणि दुपारी बारालाच हाका मारल्या. "चला, चिमणीचा रोजा झाला. चिमणीला एवडाच पुरतो." तिने आमच्या तोंडात एकेक खजूर घातला. संध्याकाळी मोठ्यांच्या पंक्तीत आम्हीही जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर बसलो, जशा काही दिवसभराच्या उपाशी.

मुसलमानी महिने चंद्राचे, त्यामुळे दरवर्षी ईद दहा-अकरा दिवस अलीकडे येते. माझ्या लहानपणी ती दिवाळीला चिकटून यायची. आईच्या करंज्यांचं ताट भिंतीपलीकडे जायचं ते शीरखुर्मा घेऊनच परत यायचं. मग हळूहळू ती गणपतीच्या दिवसांत सरकली. शबेबरातला खाला चणाडाळीचा हलवा करायची. मोहरमला चाळीच्या तोंडाशी सब्जाच्या सरबताचं पिंप ठेवायची. बकरीदला कुर्बानीचे तीन वाटे व्हायचे, एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. आमच्या घरात मटण चालत नसे. म्हणून खाला त्या दिवशी पहाटेच, मटण घरात येण्याआधी, आमच्यासाठी सांदणं वाफवायची. तांदळाच्या रव्याची, नारळाच्या रसातली, पिवळीधमक. "गुरुजींचा वाटा," असं म्हणत ती स्वतः आणून द्यायची. आई ती देवासमोर ठेवून मग आम्हाला वाटायची. लातुरात मी किती बायकांना सांगितलं, पण सांदण म्हणजे काय हे तिथे अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही.

कुंभिवली

कुंभिवलीला पोचले तेव्हा दुपार टळत आली होती. हमरस्त्यावर गाड्यांचा नुसता धडधडाट. टायरच्या दुकानामागे नसीमचं सासरचं घर, समोर बशीरभाईचा टेंपो ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला. चाकांशी गवत वाढून वाळलंही होतं. बशीरभाई तीस-पस्तीस वर्षं डोंगरपायथ्याच्या ठाकूरवाडीतून भाजी आणि रानमेवा भरून खोपोलीच्या बाजारात न्यायचा.

दार नसीमच्या सुनेने, सायराने, उघडलं. नसीम आत भिंतीला टेकून बसलेली. एके काळी ती मला पाहिलं की ओट्यावरून पळत यायची. आता नुसता हात वर केला. मी जाऊन शेजारी बसले. दोघींनी रडून घेतलं. मग ती म्हणाली, "ऑपरेशन कुठल्या पायाचं?" आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

सायराने स्वयंपाकघरात मला सगळं हळू आवाजात सांगितलं. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात राहून शोक पाळायचा असतो, त्याला इद्दत म्हणतात. नसीमची इद्दत संपली होती, पण तिने उंबरा ओलांडला नव्हता. रोजे सगळे धरले. पण संध्याकाळी खजूर आणि पाणी घेऊन उठायची. सायराचा नवरा इम्रान, म्हणजे नसीमचा एकुलता एक मुलगा, ठाण्याला नोकरी करतो आणि दोघं शेलूला नव्या फ्लॅटमध्ये राहतात. सासूसाठी सायरा कुंभिवलीला येऊन राहिली होती. "आमी म्हनतो, चला आमच्याकडं शेलूला. तर हो पन नाय, नाय पन नाय. ईदचं दूध आनू का, तर नको. शेवया भाजू का, तर नको."

थोड्या वेळाने इम्रान आला. मी त्याला अंगणात गाठलं आणि चांगलं सुनावलं. म्हटलं, या वयात माणसाला मुळापासून उपटायचं नसतं. तिचं सगळं आयुष्य या घरात गेलंय, शेजारपाजार इथे आहे, बशीरभाईची कबर इथे आहे. शेलूच्या त्या खोक्यात ती काय करणार?

तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मावशी, मी जबरदस्ती नाही करत. ती काहीतरी बोलू दे ना. नाही म्हणाली तर मीच इथे येईन, रोज इथून ठाण्याला जाईन. पण ती बोलतच नाही."

मला माझं म्हणणं अगदी बरोबर वाटत होतं. दहिवलीची ती इमारत डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

चारच्या सुमाराला नसीम उठली, कारण एक काम तिला टाळता येण्यासारखं नव्हतं. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक धान्य गरिबाच्या घरी पोचवायचं असतं. त्याला फित्रा म्हणतात. कुणाच्याही घरची चूल ईदच्या दिवशी थंड राहू नये, हा त्यामागचा विचार. हल्ली बरेच जण रोख देतात, पण नसीम तांदूळच देते. तिने सूप पुढ्यात ओढलं आणि मापाने तांदूळ काढू लागली. एक ढीग इम्रानचा. एक सायराचा. एक स्वतःचा. आणि मग चौथ्या ढिगासाठी तिने पिंपात हात घातला.

तो हात तिथेच राहिला. सायरा माझ्याकडे बघायला लागली. गेलेल्या माणसाचा फित्रा नसतो.

"अम्मी," इम्रान हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," नसीम म्हणाली. तिने चौथा ढीगही घातला, वरून हात फिरवून सारखा केला. "ऱ्हाऊ दे. तांदूळच हाय. कुनाच्या तरी पोटातच जानार."

इम्रान पिशवी घेऊन गेला आणि तो वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच फाटकातून दोन बायका आत आल्या. पुढची काटक, उंच, गुडघ्यापर्यंत लुगडं. तिचं नाव गोमाबाई. वाडीवरून आली होती. मातीला वाडीचे सगळे पुरुष आले होते, पण बायका त्यानंतर आज पहिल्यांदाच येत होत्या. गोमाबाई ओट्यावर बसली आणि पदराची गाठ सोडून पानात बांधलेली पुडी उंबऱ्याआत बसलेल्या नसीमपुढे ठेवली. आत चारोळी होती. रानातली, हाताने फोडून काढलेली.

"दादा दरवर्सी ईदच्या आदी न्यायचा. औंदा कोन येनार? म्हनून आमीच आलो."

नसीमने पुडी उचलली नाही. गोमाबाईने पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि सहज विचारलं, "उद्या डेगची कवा येनार गं भाबी?"

मला काही कळेना. सायरा माझ्या कानाशी लागली. दर ईदला नमाजानंतर बशीरभाई शीरखुर्म्याची मोठी डेगची टेंपोत घालून वाडीवर न्यायचा. वाडीची पोरं दुपारपासून वाटेवर बसायची.

"गाडी चालवनारा गेला ना गं," नसीम म्हणाली.

"तो गेला. ते आमाला ठावं हाय. गाडी नाय तर नाय. आमी चार जनी येतो डोक्यावर न्यायला." गोमाबाई तिच्याकडे बघत राहिली. "तू करशील ना, तेवडं सांग."

रस्त्यावरून दोन-तीन ट्रेलर गेले. भिंती हादरल्या. नसीमने चारोळीची पुडी उचलून नाकाशी धरली आणि मग आत तोंड करून हाक मारली, "सायरा, दूध किती हाय गं घरात?"

घरात चहापुरतंच दूध होतं. सायरा चपलाही न घालता पळाली.

रोजा सोडायची वेळ होईपर्यंत घराचं रूप पालटलं. खजूर भिजत पडले, शेवया भाजल्या. मी कर्जतहून आणलेल्या शेवया जाड्या निघाल्या. "ह्या उपम्याच्या!" म्हणून सायरा हसली आणि फडताळात कोंबल्या. नारळ खवायचं काम माझ्याकडे आलं. इकडे शीरखुर्म्यात शेवटी नारळाचा रस घालतात, लातुरात नुसतं दूध. विळीवर बसायची सवय गेलेली, तिसऱ्या वाटीला बोट कापलं. नसीमने माझा हात ओढून घेतला, हळद दाबली आणि म्हणाली, "सुमे, तुला तवा पन येत नव्हतं."

त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसणं.

अजान झाली. ताटात खजूर, कलिंगड, भजी आणि सायराने तोडून ठेवलेल्या माझ्या साखरेच्या गाठी. नसीमने खजुराने रोजा सोडला, मग एक गाठ तोंडात टाकली, मग भजं घेतलं. इम्रान तिच्या ताटाकडे बघत होता. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून पोरांचा गलका झाला, "दिसला! दिसला!" चंद्र दिसला म्हणजे रमजान संपला, उद्या ईद. आम्ही ओट्यावर आलो. कारखान्याच्या धुराड्याच्या डावीकडे, नखाएवढी कोर. नसीमने उंबऱ्याच्या आतूनच दोन्ही हात पसरून दुवा मागितली. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

ठाकूरवाडी

ईदच्या सकाळी इम्रान नवा कुर्ता घालून ईदगाहवर गेला. नमाजानंतर पुरुष कब्रस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी फातिहा वाचतात. तो परतला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. नसीमने त्याला गळ्याशी धरलं आणि विचारलं, "माती खचली का रं?"

"थोडी. भर घालून आलो."

"बरं केलंस."

मग माणसांची रीघ लागली. टायरच्या दुकानातला शेजारी डब्यात पेढे घेऊन आला, बसला, दोन वाट्या प्याला. बायका आल्या, गळ्यात पडल्या, रडल्या, अत्तर लावून गेल्या. आमच्या लातूरच्या गल्लीत ईदला सगळं उर्दूत चालतं. इथे मात्र "ईद मुबारक" एवढं झालं की पुढचं सगळं बोलणं आपल्यासारखंच. कैऱ्या लागल्या का, पाणी कधी येतं, पोरीचं ठरलं का.

दुपारी इम्रानने टेंपोवरची ताडपत्री ओढून काढली. बॅटरी मेलेली. शेजाऱ्याच्या पोरांनी ढकलगाडी करून कसाबसा सुरू केला. डेगची मागे चढवली, तिला धरायला सायरा बसली. मी पुढे बसले. आणि बघते तर नसीम बुरखा घालून उंबऱ्याबाहेर उभी.

"सरक," ती मला म्हणाली.

वाडीचा रस्ता सुंदर आहे. पळस फुलून सरत आलेला, खाली लाल सडा. मोहाच्या झाडांखाली बायका टोपल्या घेऊन बसलेल्या आणि तो गोडसर, उग्र वास वाऱ्यावर. डोंगर कोरडा, तपकिरी, पण शेंड्याला करवंदीच्या हिरव्या जाळ्या. एका वळणावर इम्रानने जोरात ब्रेक मारला आणि मागून सायरा ओरडली. झाकण उडून पावशेर शीरखुर्मा तिच्या नव्या ड्रेसवर. नसीम मागे वळून म्हणाली, "तुझा सासरा त्याच वळनावर दर साली सांडायचा. मी धुऊन धुऊन दमले."

वाडीवर सगळी माणसं वाटेवरच होती. वाट्या, पेले, एकाने तर तांब्या आणलेला. नसीम खाली उतरली आणि स्वतः डाव घेऊन उभी राहिली. प्रत्येकाला नावाने विचारत, प्रत्येकाला सारखं. कुणी बशीरभाईच्या आठवणी काढल्या. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हा बाळंतिणीला त्याने टेंपोतून कर्जतला कसं पोचवलं, ते गोमाबाईने सांगितलं. त्या बाळंतिणीचा मुलगा आता मिशा फुटलेला, समोरच तांब्या घेऊन उभा होता.

गोमाबाई मग नसीमच्या शेजारी दगडावर टेकली. "भाबी, तू कुटं ऱ्हायची आता?"

मी तोंड उघडणारच होते. हे घर सोडून ती कुठे जाईल, असं काहीसं माझ्या जिभेवर होतं. पण नसीम आधीच बोलली.

"शेलूला. पोराकडं."

पेला भरून घेणाऱ्या इम्रानचा हात थांबला. त्याने आईकडे पाहिलं, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गोमाबाईला सांगत होती, "पन चारोळी मलाच द्यायची. पोरगा येईल न्यायला. आनि ईदला डेगची येनार. हा शब्द."

परतताना मला राहवलं नाही. "नसीम, तुला खरंच जायचंय? मी इम्रानला काल किती बोलले. मला वाटलं, हे घर तुझा जीव आहे."

"तुझा असंल," ती म्हणाली. रागाने नव्हे. "सुमे, तू दोन-चार वर्सांनी एकदा येतीस. तुला वाटतं समदं तसंच असावं. मला रोज त्या घरात उठावं लागतं. रात्रभर ट्रक. दार वाजलं की वाटतं, ह्यो आला. मला जायचंच होतं गं. पन घर बंद केलं तर मानसाला इसरले असं होईल, म्हनून जीभ रेटत नव्हती. आज बघितलं मी. त्याला इसरनारी मानसं नायत ती. मग माज्यावरच कशाला सगळा भार?"

मी तिचा हात धरला. वळणावर इम्रानने टेंपो अगदी हळू घेतला.

शेलू

दुसरा दिवस म्हणजे बाशी ईद, शिळ्या ईदचा दिवस. नातलगांकडे जायचं, उरलंसुरलं संपवायचं. माझी परतीची गाडी संध्याकाळी होती. नसीम म्हणाली, "चल, आदी शेलू बघू. मी पन बघितलं नाय अजून."

मुलगा दोन वर्षं तिथे राहतो, आणि तिने बघितलं नव्हतं! बशीरभाईला जिने चढवत नव्हते आणि लिफ्ट अलीकडेच सुरू झाली होती, म्हणून ती दोघं कधी गेलीच नव्हती.

इमारतींची रांगच्या रांग, मधून शेताचे तुकडे अजून शिल्लक. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये नसीमने माझा दंड घट्ट पकडला. सायराने एक खोली सासूसाठी रिकामी ठेवली होती, नुसता पलंग आणि फडताळ. नसीमने भिंतींवर हात फिरवला, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली. पश्चिमेला डोंगराची लांबलचक ओळ. "नमाजाचं तोंड डोंगराकडंच आलं की," ती म्हणाली आणि तिला ते बरं वाटलेलं दिसलं. दुपारची नमाज तिने तिथेच पढली. मी दुसऱ्या खोलीत सायराला डबे रिकामे करायला मदत करत होते. कुंभिवलीहून आणलेला शीरखुर्म्याचा मोठा डबा ओट्यावर तसाच होता.

बेल वाजली. सायराचे हात खरकटे, इम्रान खाली गाडी लावत होता. मी उठेपर्यंत नसीमनेच दार उघडलं. समोर तरुण बाई, कडेवर मूल, बोलण्यावरून वऱ्हाडाकडची. नवीनच राहायला आली होती. पाण्याची वेळ काय, एवढंच विचारायला आली होती.

"मला ठाऊक नाय बाय, मी पन आत्ताच आले," नसीम म्हणाली.

"तुम्ही इम्रानभाऊंच्या आई ना?"

गावात नसीम कुणाची भाबी होती, कुणाची अम्मी, बशीरच्या घरची. मी आत उभी राहून ऐकत होते.

"नसीम," ती म्हणाली. "माजं नाव नसीम. तुजं काय गं?"

"वैशाली."

"थांब वैशाली, जाऊ नको. काल ईद झाली आमची." ती आत आली, माझ्यासमोरून ओट्याकडे गेली, डबा उघडला. सायराची कुठली वाटी कुठे असते तिला माहीत नव्हतं. तीन फडताळं उघडून झाल्यावर एक मोठं पातेलं सापडलं, तेच तिने काठोकाठ भरलं आणि दोन्ही हातांनी सांभाळत दाराशी नेलं.

"गार हाय. गरम करून खा. आनि पोराला चारोळी चावून दे, अख्खी नको देऊ."